अडकलेला स्टार्टर : निदान आधी, खर्च नंतर



आपल्यापैकी अनेक कुटुंबांत पंधरा-वीस वर्षांची, क्वचित त्याहूनही जुनी मोटार अद्याप निगुतीने सांभाळलेली असते. एखादी मारुती ८०० असते, एखादी झेन असते. हौशी घरांत फियाट किंवा अँबॅसडरही असते. रोजचे धावणे थांबलेले असते. परंतु दवाखाना, बाजार, बसस्थानक, जवळच्या गावचे लग्नकार्य एवढ्यांसाठी ती पुरेशी असते. अशी गाडी एके दिवशी किल्ली फिरवल्यावर केवळ ‘टक्’ असा आवाज करते आणि स्तब्ध राहते. पुन्हा किल्ली फिरवली की पुन्हा ‘टक्’. पाचव्या-सहाव्या वेळी जणू काही झालेच नव्हते अशा थाटात इंजिन सुरू होते. हा खेळ पंधरवडाभर चालला की घरात दोन मते पडतात. एक मत नवा स्टार्टर बसवण्याचे, दुसरे गाडीच काढून टाकण्याचे.

या दोन्ही मतांच्या आधी एक तिसरी पायरी आहे, ती निदानाची. स्टार्टर अडकणे आणि स्टार्टर निकामी होणे या भिन्न गोष्टी आहेत. अडकण्याची कारणे मोजकी आहेत. त्यांतील बहुतेक कारणे घाण, गंज, सैल जोडणी किंवा झिजलेला एखादा लहान भाग यांपैकी असतात. ती क्रमाने तपासली तर पुष्कळदा मोठा खर्च टळतो. आणि मोठा खर्च खरोखरच अटळ असेल, तर तो का अटळ आहे हे तरी आपल्याला कळते.

‘सेल्फ’ या नावामागील गोष्ट

गॅरेजमध्ये स्टार्टरला कोणी स्टार्टर म्हणत नाही. तो ‘सेल्फ’ असतो. हे नाव ‘सेल्फ स्टार्टर’ या जुन्या शब्दाचे उरलेले अर्धांग होय. गाडी स्वतःच सुरू होते, ही गोष्ट एके काळी नवलाची होती. त्यापूर्वी गाडीच्या पुढील बाजूस हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. म्हणूनच हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा, त्याने हँडलला विळखा घालू नये, अशी शिकवण असे. अँबॅसडर चालवलेल्या ज्येष्ठांना ती अजून आठवत असेल.

या जाचातून सुटका करणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग. त्यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर प्रथम बसवण्यात आला. आयुष्य बँकेत घालवलेल्या मजसारख्यास या कथेतील एक धागा विशेष जवळचा वाटतो. केटरिंग यांनी त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत नोकरी केली होती आणि दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेच्या मोटरीने चालवून दाखवले होते. गल्ल्याच्या यंत्रातील मोटर दिवसभर चालत नाही; क्षणभर जोर लावते आणि थांबते. जी मोटर क्षणभरच चालायची आहे, ती आकाराने लहान असूनही तेवढ्या वेळापुरती मोठा भार उचलू शकते. हेच तत्त्व त्यांनी मोटारीस लावले. स्टार्टर आजही याच तत्त्वावर चालतो, म्हणून त्याला सलग राबवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक काळ किल्ली धरून ठेवू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे.

आत काय घडते

निदान समजण्यासाठी आतील घटनाक्रम ठाऊक असणे आवश्यक आहे. इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या कडेवर दातेरी कडे असते, त्यास रिंग गिअर म्हणतात. स्टार्टरच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते ज्या जोडभागावर बसते त्याला गॅरेजमध्ये सरसकट ‘बेंडिक्स’ म्हणतात. एरवी पिनियन रिंगपासून दूर असते.

आपण किल्ली फिरवतो तेव्हा स्टार्टरच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडला वीज मिळते. त्यातील लोखंडी दट्ट्या आत ओढला जातो. त्याला जोडलेला काटा पिनियनला पुढे सरकवून रिंगमध्ये अडकवतो. दट्ट्या शेवटपर्यंत पोचला की त्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड स्पर्शबिंदूंवर टेकते, आणि तेव्हाच बॅटरीचा मुख्य प्रवाह मोटरीत शिरतो. मोटर फिरते, पिनियन रिंगला फिरवते, इंजिन जागे होते. इंजिनाची गती वाढली की बेंडिक्समधील एकदिश क्लच पिनियनला मोकळे फिरू देतो. किल्ली सोडली की स्प्रिंग सर्व काही मागे खेचते.

हा क्लच का हवा, याचा हिशेब करून पाहावा. पिनियन आणि रिंग यांच्या दात्यांचे प्रमाण साधारण एकास दहा असते. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर नुसते चालू असले तरी, पिनियन अडकून राहिल्यास आणि क्लचही धरून बसल्यास, मोटरीचा दांडा ९,००० फेऱ्यांनी फिरू लागेल. एक्सिलरेटर दाबला तर आकडा कुठल्या कुठे जाईल आणि आर्मेचरचे वेटोळे उसकटून बाहेर येईल. अडकलेल्या स्टार्टरकडे दुर्लक्ष का करू नये, याचे हे एक उत्तर आहे.

जुन्या अँबॅसडरसारख्या गाड्यांत याहून साधी पद्धत होती. तेथे पिनियन मळसूत्री दांड्यावर असे आणि मोटर एकाएकी फिरू लागली की जडत्वामुळे ते आपोआप पुढे सरके. ही पद्धत साधी खरी, परंतु मळसूत्रावर धूळ बसली की पिनियन वाटेतच थांबे, अथवा रिंगमध्ये घट्ट रुतून बसे.

आवाज ऐकावा

प्रत्येक बिघाडाचा आवाज निराळा असतो. पाना हाती घेण्यापूर्वी कान लावावा.

काहीच आवाज न येणे : बॅटरी पूर्ण उतरली आहे, किंवा सोलेनॉइडपर्यंत वीजच पोचत नाही. दोष किल्लीच्या स्विचमध्ये, रिलेमध्ये, निसटलेल्या बारीक वायरीत असू शकतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसला तरी हेच घडते.

‘टकटकटक’ असा जलद आवाज : दट्ट्या आत जातो, भार पडताच दाब कोसळतो, दट्ट्या सुटतो आणि पुन्हा आत जातो. येथे प्रथम संशय दुबळ्या बॅटरीवर किंवा खराब जोडणीवर घ्यावा.

एकच ठाशीव ‘टक्’ आणि नंतर शांतता : दट्ट्या आत गेला, पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडचे स्पर्शबिंदू जळालेले असतील, मोटरीतील कार्बन झिजले अथवा खोबणीत चिकटले असतील, किंवा पिनियन रिंगमध्ये रुतले असेल.

मोटर भुर्रकन फिरते, परंतु इंजिन हलत नाही : पिनियन पुढे सरकत नाही, अथवा एकदिश क्लच घसरतो आहे.

खर्रर्र असा दाते घासल्याचा आवाज : पिनियन किंवा रिंग यांचे दाते झिजले आहेत, किंवा स्टार्टरचे बोल्ट ढिले झाले आहेत.

किल्ली सोडली तरी स्टार्टर फिरतच राहणे : हा सर्वांत धोक्याचा प्रकार. स्पर्शबिंदू एकमेकांस चिकटले आहेत, किंवा दट्ट्या अथवा किल्लीचा स्विच परत येत नाही. इंजिन तत्काळ बंद करावे आणि बॅटरीची ऋण वायर काढावी. वायरी तापून पेट घेऊ शकतात. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी पुन्हा सुरू करू नये.

जोडणीचा हिशेब

बँकेत ताळा जुळला नाही की नवखा कारकून सर्वांत मोठी खतावणी उघडून बसे, आणि जुना कारकून आधी पुढे ओढलेल्या बेरजा पाही. मोटारीच्या बाबतीत बॅटरीची टोके आणि अर्थिंगची पट्टी म्हणजे या पुढे ओढलेल्या बेरजा होत. फरक पुष्कळदा तेथेच सापडतो.

‘दिवे तर लख्ख लागतात, मग बॅटरीचा किंवा वायरीचा दोष कसा?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. पुढील दोन दिवे मिळून साधारण दहा अँपिअर वीज घेतात. लहान मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर ते दीडशे अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडणीत समजा केवळ एक शतांश ओहम एवढा अडथळा निर्माण झाला आहे. दिव्यांच्या दहा अँपिअरमागे त्यात अवघा ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. डोळ्याला ते जाणवतही नाही. स्टार्टरच्या दीडशे अँपिअरमागे मात्र तेथे १.५ व्होल्ट गडप होतो, आणि सव्वादोनशे वॅट एवढी उष्णता त्या एका जागी निर्माण होते. म्हणून दोन-तीन प्रयत्नांनंतर किल्ली बंद करून बॅटरीची टोके हाताच्या मागील बाजूने हलकेच चाचपावी. एखादे टोक गरम लागले तर दोषाने आपला पत्ता स्वतःच सांगितला असे समजावे.

मल्टिमीटर असल्यास काम अधिक नेमके होते. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. किल्ली फिरवून इंजिन फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्यावी. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून कोणाला तरी किल्ली फिरवण्यास सांगावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून, तिची दोन्ही टोके आणि बसण्याची जागा घासून चकचकीत करावी.

टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुऊन निघतो. धुताना ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो. जवळ काडी पेटवू नये आणि ठिणगी पडू देऊ नये. वायरी काढताना ऋण प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

रस्त्यात अडल्यास

गाडी घराबाहेर अडली आणि एकच ‘टक्’ ऐकू येत असेल, तर दोन तात्पुरते उपाय आहेत.

पहिला उपाय पिनियन रुतल्याचा संशय असल्यास. गाडी सपाट जागी असावी आणि एक जाणकार व्यक्ती चालकाच्या आसनावर, ब्रेकशी पाय ठेवून बसलेली असावी. किल्ली बंद ठेवावी, गाडी वरच्या गिअरमध्ये, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्यात टाकावी, हँडब्रेक सोडावा आणि गाडी हलकेच पुढे-मागे झुलवावी. चाके फ्लायव्हीलला किंचित हलवतात आणि रुतलेले पिनियन ‘खट्’ असा आवाज करून सुटते. जुन्या पद्धतीच्या अनेक स्टार्टरांच्या मागील टोकाला, छोट्या टोपणाखाली, दांड्याचा चौकोनी शेंडा असतो. तो पान्याने फिरवूनही पिनियन सोडवता येते.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली टिचकी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांपासून हात व कपडे दूर ठेवून, एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने पान्याच्या मुठीने स्टार्टरच्या अंगावर हलकेच ठोकावे. खोबणीत चिकटलेला कार्बन या धक्क्याने सरकतो आणि मोटर फिरते. ही युक्ती म्हणजे ओव्हरड्राफ्ट होय. वेळ निभावतो, देणे फिटत नाही. टिचकीने चालू झालेला स्टार्टर आतून उघडण्यास सांगत असतो. जोराने ठोकल्यास काही स्टार्टरांतील आतील चुंबक तडकतात, हेही ध्यानात ठेवावे.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टोके जोडण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोर उभ्या माणसावर चालून जाते. धक्का मारून सुरू करणे हा मॅन्युअल गिअरच्या गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये, एखाद्या वेळेपुरता मार्ग आहे. ऑटोमॅटिक गाडीत तो चालत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत पुनःपुन्हा धक्के मारल्यास न जळालेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो.

एका मारुतीची हकिकत

माझ्या परिचयातील एका निवृत्त गुरुजींची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांची १९९७ सालची मारुती ८००. पत्नीला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि परतीची वेळ सांजेची असते. एका संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात गाडीने दहा-बारा वेळा ‘टक्’ केले. थकलेल्या बाई मागील आसनावर डोळे मिटून बसल्या होत्या, आणि गुरुजी पहारेकऱ्याकडे धक्का मारण्यासाठी माणसे मागत होते. पुण्यातील मुलाने दूरध्वनीवर सांगितले, “बाबा, आता गाडी काढून टाका. रिक्षा ठरवू.” एका गॅरेजने न उघडताच नवा सेल्फ बसवण्याचा सल्ला दिला. मुलाचे म्हणणे काळजीपोटी होते. परंतु रिक्षा सांगितलेल्या वेळी येत नाही, हा त्या दांपत्याचा अनुभव होता. आणि गाडी गेली असती तर पत्नीची ने-आण स्वतः करण्याचे गुरुजींचे समाधानही गेले असते.

अखेर एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी पाहिली. त्याने प्रथम मीटर लावला आणि म्हणाला, “गुरुजी, सेल्फ नंतर बघू, आधी अर्थिंग बघू.” पट्टीचा बोल्ट गंजून सैल झाला होता. तो साफ करताच स्टार्टरचा जोर वाढला. परंतु इंजिन तापलेले असताना अधूनमधून ‘टक्’ राहिलेच. तेव्हा स्टार्टर उतरवण्यात आला. कार्बन झिजून आखूड झाले होते आणि त्यांच्याच भुकटीने एक कार्बन खोबणीत चिकटला होता. दट्ट्याच्या नळीत कोणी पूर्वी भरलेले ग्रीस वाळून डांबरासारखे झाले होते. नवे कार्बन, दोन बुश आणि साफसफाई एवढ्यावर काम भागले. खर्च नव्या भागाच्या तुलनेने अल्प झाला, आणि त्या आठवड्याची डायलिसिसची एकही वेळ चुकली नाही.

स्टार्टर उघडल्यावर

हे काम ज्याला साधनांचा सराव आहे त्याने घरी करावे. इतरांनी ते करवून घ्यावे, पण काय करवून घ्यायचे ते जाणून.

बॅटरीची ऋण वायर काढल्याविना स्टार्टरला हात लावू नये. त्याच्यावरील जाड वायरीत मध्ये फ्यूज नसतो. गाडीखाली शिरावे लागत असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम स्टँड लावावेत. इंजिन थंड होऊ द्यावे. प्रत्येक वायर काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे किंवा चिठ्ठी बांधावी.

कार्बन आणि त्यांच्या खोबणी : भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी. कार्बन खोबणीत बोटाने सहज सरकले पाहिजेत आणि स्प्रिंगांत जोर हवा. निम्म्याहून अधिक झिजले असल्यास बदलावेत.

कम्युटेटर : तांब्याचा हा गोल भाग काळवंडलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने पुसावा. एमरी कापड वापरू नये, कारण त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या पट्ट्यांमधील फटींत अडकतात.

बुश : दांडा ज्या पितळी बुशांत फिरतो ते झिजले की आर्मेचर बाजूच्या ध्रुवांना घासू लागते. गाडी थंड असताना ठीक चालते आणि तापल्यावर अडते, यामागे हे एक नेहमीचे कारण असते. नवे बुश बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये दिवसभर मुरवावे लागतात. कारागिरास याची आठवण करून द्यावी.

बेंडिक्स : पिनियन एका दिशेने मोकळे फिरले पाहिजे आणि उलट दिशेने पक्के धरले पाहिजे. दोन्ही दिशांनी फिरत असेल तर क्लच गेला. हा भाग पेट्रोलमध्ये वा रॉकेलमध्ये बुडवून धुऊ नये. आतील ग्रीस विरघळून जाते आणि चांगला क्लच महिनाभरात निकामी होतो. बाहेरून ओलसर फडक्याने पुसावा.

दट्ट्या : तो आणि त्याची नळी स्वच्छ आणि कोरडी असावी. येथेच सर्वाधिक नुकसान होते. ‘अडकते आहे ना, मग ग्रीस लावा’ हा विचार स्वाभाविक आहे. परंतु ग्रीसवर क्लचची धूळ बसते, उष्णतेने ते घट्ट होते आणि काही महिन्यांत दट्ट्या पूर्वीपेक्षा अधिक अडकतो. दांड्याच्या खाचांवर ग्रीसचा अत्यंत पातळ थर पुरे. जुन्या मळसूत्री पद्धतीच्या पिनियनवर तर तोही नको.

स्टार्टर उतरलेला असतानाच बॅटरीच्या उजेडात रिंगचे दाते पाहून घ्यावेत. हाताने इंजिन थोडे थोडे फिरवत पूर्ण वर्तुळ पाहावे. इंजिन बंद होताना प्रत्येक वेळी ठरावीक जागीच थांबते, म्हणून रिंग सर्वत्र सारखी झिजत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोन जागी, तर मारुती ८००सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन जागी दाते अधिक खराब होतात. स्टार्टर चारदा चालतो आणि पाचव्यांदा खर्रर्र करतो, याचे रहस्य तेथे असते. रिंग बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च मोठा असतो. नवा स्टार्टर विकत घेण्यापूर्वी ही तपासणी झाली नाही, तर नवे पिनियन जुन्या रिंगवर झिजेल आणि दोन्ही खर्च पदरी पडतील.

कारागिराशी बोलताना

गॅरेजमध्ये ‘सेल्फ बदला’ असे सांगू नये. ‘सेल्फ का अडतो ते पाहा आणि मला दाखवा’ असे सांगावे. मीटर लावला का, दाब किती आला, हे विचारावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. कार्बन किती आखूड झाले होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पुनर्बांधणी केलेला स्टार्टर घेत असल्यास त्यात कोणते भाग नवे आहेत, हे पावतीवर लिहून घ्यावे. पिनियनचे दाते जुन्याइतकेच आहेत का, ते मोजून घ्यावेत. आर्मेचर जळले असेल, वेटोळी काळी पडून वास येत असेल, किंवा खोके तडकले असेल, तर मात्र दुरुस्तीचा आग्रह धरू नये. तेथे नवा भाग घेणे हीच काटकसर होय.

नित्याची निगा

स्टार्टर अडकण्यास वापरापेक्षा न वापरणे अधिक कारणीभूत ठरते. चार महिने पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली की बॅटरी उतरते, दट्ट्यावर गंजाचा पापुद्रा येतो आणि जोडण्या हिरव्या पडतात. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने सुरू करताना खर्च झालेली वीज भरून निघेलच असे नाही. मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा टोके व अर्थिंग साफ करावी. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा स्टार्टरच्या दिशेने मारू देऊ नये.

गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवावी. बॅटरी केव्हा घेतली, कार्बन केव्हा बदलले, पहिली ‘टक्’ कोणत्या तारखेस ऐकू आली आणि तेव्हा इंजिन थंड होते की गरम, एवढ्या नोंदी त्यात असाव्यात. चांगला कारागीर अशी वही पाहून अर्धे निदान तेथेच करतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी. त्या वेळी गाडी ठेवावी की काढावी हे ठरवतानाही याच नोंदी उपयोगी पडतात. पत्र्याला गंज किती, ब्रेक कसे आहेत, इंजिन तेल किती पिते, या मोठ्या प्रश्नांवर तो निर्णय व्हावा. मूठभर कार्बनच्या भुकटीमुळे तो होऊ नये.

पुढील अंकी मोटारीच्या बॅटरीचे आयुष्य कशाने वाढते आणि कशाने घटते, याचा विचार करू.